घाटावर बघा, मोजायला मात्र ओढ्यावर जा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दुसऱ्या वर्षाचे भूगोलाचे ३२ विद्यार्थी, डिसेंबरातला एक दिवस, वाईला कृष्णेवर क्षेत्रभेट. हाताशी दोन टेप आणि एक होकायंत्र. प्रवाहमापक नाही. गेल्या वर्षी सगळ्यांचे अहवाल एकसारखे आले आणि त्यात नदीपेक्षा महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिराची माहिती जास्त होती. तर मोजायचं काय आणि कसं?

मी सव्वीस वर्षं मुलांना नदीवर नेतोय. त्यातली पहिली सहा-सात वर्षं आमचेही अहवाल तुम्ही म्हणता तसेच यायचे. दोष मुलांचा नव्हता. आम्ही त्यांना नदी दाखवायला न्यायचो आणि अहवाल मात्र मोजमापाचा मागायचो.

आधी जागेबद्दल बोलतो, कारण निम्मा दिवस तिथेच वाया जातो. वाईचे घाट सुंदर आहेत, बस थेट जाते, चहा मिळतो, म्हणून सगळे तिथेच टेप उघडतात. पण नदी मोजायला ती जागा कुचकामी. दोन्ही काठ बांधलेले, त्यामुळे पात्राची रुंदी नदीने ठरवलेली नाही, गवंड्याने ठरवलेली आहे. वर काही किलोमीटरवर धोमचं धरण. म्हणजे डिसेंबरात पात्रात जे पाणी दिसतं ते पावसाचं राहिलेलं नसतं, बरंचसं माणसाने सोडलेलं, झिरपलेलं किंवा शेतातून परत आलेलं असतं. आणि खाली कुठे बंधारा असला की पाणी तुंबून उभं राहतं. आपल्याकडच्या नद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे किती आहेत ते तुम्हाला माहीत आहेच. पावसाळा संपला की बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) टाकतात आणि नदीचे एकामागे एक तलाव होतात. अशा तलावात संत्रं सोडलंत तर ते वाऱ्याबरोबर उलटं, वरच्या अंगाला जातं. हसू नका, आमचं गेलंय. एका मुलाने प्रामाणिकपणे वेग 'उणे' लिहिला होता. त्याला मी पैकीच्या पैकी गुण दिले.

म्हणून दिवसाचे दोन तुकडे करा. सकाळी मोजमाप कृष्णेला मिळणाऱ्या एखाद्या वाहत्या ओढ्यावर. दुपारी मेणवली ते वाई काठाकाठाने निरीक्षण. ओढा आधी स्वतः जाऊन निवडा. जुन्या क्रमांकाप्रमाणे वाई ४७ जी/१३ या स्थलनिर्देशक नकाशावर येते. त्यावर ओढे दिसतील, पण १:५०,००० च्या नकाशात समोच्चरेषा (सारख्या उंचीच्या रेषा) २० मीटरच्या अंतराने असतात, त्यामुळे जागा नकाशावर ठरत नाही, पायाने ठरते. पंधरा-वीस मीटरचा सरळ तुकडा हवा, पाणी सगळीकडे गुडघ्याच्या खाली हवं, तळ दिसला पाहिजे आणि गुरं पाण्यावर यायची वाट तीच नसावी.

सुरक्षेचं आत्ताच सांगून टाकतो. आदल्या दिवशी पाटबंधारे खात्याच्या शाखा कार्यालयात विचारा: आवर्तन (शेतीसाठी पाळीने सोडलेलं धरणाचं पाणी) चालू आहे का, नदीत पाणी सोडणार आहेत का. ओढ्यावर हा धोका नाही, पण दुपारी तुम्ही नदीकाठी असणार आहात. मुख्य पात्रात कुणालाही उतरवू नका. जिथे वाळूउपसा झालाय तिथे गुडघाभर पाण्यापुढच्याच पावलाला पुरुषभर खड्डा असतो आणि वरून काही कळत नाही. चपला नकोत, जुने कॅनव्हासचे बूट हवेत. काळ्या दगडावरचं शेवाळ साबणापेक्षा वाईट. पायाला जखम असेल त्याने काठावर बसून नोंदी घ्यायच्या.

हे आवर्तनाचं मी पुस्तकातून सांगत नाही. एका वर्षी आम्ही न विचारता मुख्य नदीवरच गेलो होतो. सकाळच्या गटाने एका ठिकाणी खोली ३१ सेंटिमीटर लिहिली, जेवणानंतरच्या गटाने त्याच ठिकाणी ४४. मी दुसऱ्या गटाला झापलं. म्हटलं, पट्टी नीट धरता येत नाही का. शेजारी एक आजी कपडे धूत होत्या. त्या मघापासून खडकावर वाळत घातलेली लुगडी उचलून वरच्या खडकावर नेत होत्या. एका मुलीने विचारलं तेव्हा म्हणाल्या, "पाणी चढतंय की. तुमच्या सरांना दिसंना व्हय?" पोरं बरोबर होती, नदी बदलली होती. तेव्हापासून कुठेही गेलो की पहिलं काम म्हणजे पाण्याच्या कडेला खुणा केलेली एक काठी रोवायची आणि दर अर्ध्या तासाने पाणी कुठल्या खुणेला आहे ते वेळेसकट लिहायचं. हे काम वर्गातल्या सगळ्यात शांत मुलाला द्या.

आता मोजमाप. वेग मोजायला प्रवाहमापक नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. तो असला तर मुलं आकडा वाचतात आणि पुढे जातात. तरंगता वापरला की आकडा कसा तयार होतो ते कळतं. तरंगता म्हणून संत्रं उत्तम: बराचसा भाग पाण्यात बुडालेला राहतो, त्यामुळे वारा फारसा धरत नाही, लांबून दिसतं, हरवलं तरी प्लॅस्टिक मागे राहत नाही. मात्र सोलू नका, सोललेलं बुडतं. (हा प्रयोग मुलं जेवणाच्या सुट्टीत आपणहून करतातच.) नारळ मोठ्या नदीला ठीक आहे, ओढ्यात तो दगडावर बसतो. थर्मोकोल आणि पान वाऱ्याचे गुलाम.

ओढ्याच्या सरळ तुकड्यात १० मीटरचं अंतर मोजा आणि दोन्ही टोकांना आडव्या दोऱ्या बांधा. संत्रं वरच्या दोरीवर सोडायचं नाही, दोन मीटर आधी सोडायचं, म्हणजे दोरीपाशी येईपर्यंत ते प्रवाहाच्या वेगाला लागतं. मधल्या भागात एक छेद, म्हणजे पात्राचा आडवा काप, घ्या. टेप प्रवाहाला काटकोनात, ताणून; झोळ पडला की रुंदी वाढते. खोली दर मीटरला. पट्टी धरताना तिची अरुंद कड प्रवाहाकडे करा, रुंद बाजू केली की पाणी पट्टीवर चढतं आणि दोन-तीन सेंटिमीटर फुकट वाढतात. उथळ ओढ्यात दोन-तीन सेंटिमीटर म्हणजे थोडीथोडकी चूक नाही. मोजणाऱ्याने पट्टीच्या खालच्या अंगाला उभं राहायचं, वरच्या अंगाला राहिला तर त्याच्या पायांमुळे पाणी अडतं आणि आपण त्याच्या पिंढऱ्यांमागचा भोवरा मोजत बसतो.

उदाहरण घेऊ. ओढा ६ मीटर रुंद. काठापासून दर मीटरला खोली १२, २४, ३१, २८, १५ सेंटिमीटर, दोन्ही कडांना शून्य. बेरीज ११०, अंतर एक मीटर, म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ १.१० चौरस मीटर. आता त्याच पाच ठिकाणांहून पाच वेळा संत्रं सोडलं. १० मीटर जायला लागलेले सेकंद ३२, २४, २०, २३ आणि ४१. प्रत्येक ठिकाणाभोवतीच्या मीटरभर पट्ट्याचा वेग काढा, त्याला त्या पट्ट्याच्या क्षेत्रफळाने (रुंदी गुणिले खोली) गुणा आणि बेरीज करा: ०.४५ घनमीटर प्रति सेकंद येतात. हा पृष्ठभागाचा हिशेब झाला. तळाशी दगडांच्या घर्षणाने पाणी हळू जातं, म्हणून साधारण ०.८५ ने गुणतात. उत्तर ०.३८. तळ खूप खडबडीत आणि पाणी उथळ असेल तर ०.८० किंवा त्याहून थोडं कमी घेतलेलं बरं, मग उत्तर ०.३६.

खरी गंमत इथून पुढे आहे. एका गटाला सांगा, तुम्ही फक्त मधल्या धारेतला वेग घ्या. त्यांचं उत्तर ०.४७ येईल. जो गट मधल्या धारेचाच वेग घेऊन वर ०.८५ ने गुणायलाही विसरेल (एक तरी विसरतोच), त्याचं ०.५५. ओढा तोच, सकाळ तीच, टेप तोच, आणि एकीकडे ०.३६ तर दुसरीकडे ०.५५. हे चारही आकडे फळ्यावर, म्हणजे तिथे सपाट खडकावर खडूने लिहा आणि अर्धा तास नुसतं भांडू द्या. मी काहीही बोलत नाही त्या अर्ध्या तासात. कुणी तरी म्हणतं, ४१ सेकंदांचं संत्रं लव्हाळ्यात अडकलं होतं, ते धरायचंच कशाला? कुणी म्हणतं, पण लव्हाळी ओढ्यातलीच आहेत ना, पाणीही तिथे अडतंच. दोघांचंही बरोबर आहे. अडकलं की नाही हे वहीत त्याच क्षणी लिहिलेलं असेल तरच हे भांडण होऊ शकतं. घरी जाऊन कुणाला आठवत नाही.

वहीचं म्हणून सांगतो: पेन्सिलीनेच लिहायचं, शाई पाण्यात पसरते. खोडरबर बसमध्येच ठेवायचं. चुकलं तर एक आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. एकसारख्या अहवालांवर माझ्याकडे एवढाच उपाय आहे. अहवालाला दहा गुण, चिखल लागलेल्या कच्च्या वहीला पंधरा. वही परत करायची नाही, आपल्याकडेच ठेवायची.

०.३८ घनमीटर मुलांना काही सांगत नाही. मी त्याला पेपरातल्या भाषेत आणतो. एक घनमीटर प्रति सेकंद म्हणजे ३५.३ क्युसेक (घनफूट प्रति सेकंद), तर हा ओढा साधारण साडेतेरा क्युसेकचा. पावसाळ्यात धरणातून हजारो क्युसेक सोडल्याच्या बातम्या याच मुलांनी वाचलेल्या असतात आणि आत्ता गुडघाभर पाण्यात उभं राहून आपल्याभोवतीचे साडेतेरा त्यांना जाणवत असतात. पुढचा हिशेब त्यांना करू द्या. सेकंदाला ३८० लिटर म्हणजे दहा हजार लिटरचा टँकर दर सव्वीस सेकंदांनी एक. दिवसाचे ३ कोटी ३० लाख लिटर. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या मापाने सहा लाख माणसांचं पाणी. एवढ्याशा ओढ्यात! असं म्हणून मुलं थांबतात, तेव्हा विचारा: एप्रिलमध्ये इथे काय असेल? कोण येणार मोजायला? एका वर्षी दोन मुली खरंच एप्रिलमध्ये आपल्या खर्चाने एसटीने गेल्या. ओढा कोरडा होता. त्यांनी कोरड्या पात्राचा छेद मोजून आणला, आणि पाणी नसताना तळ किती नीट मोजता येतो हे मला त्यांच्याकडून कळलं.

उतार मोजायला डंपी लेव्हल (दुर्बिणीचं पातळीयंत्र) हवीच असं नाही. गवंडी पायाची पातळी काढायला जी पारदर्शक पाण्याची नळी वापरतो ती हार्डवेअरच्या दुकानात मिळते. वीस मीटर नळी, दोन पट्ट्या, दोन मुलं. नळीत बुडबुडा राहू द्यायचा नाही, एवढंच पथ्य. दोन टोकांच्या पाण्याच्या पृष्ठभागातला फरक मिलिमीटरपर्यंत नाही, पण सेंटिमीटरपर्यंत नक्की येतो. एका मुलाचे वडील गवंडी होते. त्या दिवशी तो बाकीच्यांना शिकवत होता आणि मी शेजारी उभा राहून बघत होतो.

दगडगोट्यांवर मी जास्त वेळ घालवतो, कारण तिथे मुलं नकळत फसवतात. 'शंभर गोटे उचला' म्हटलं की हाताला येतात ते गोल, गुळगुळीत, मुठीत मावणारे. अमेरिकी भूरूपशास्त्रज्ञ वोलमन यांनी १९५४ मध्ये मांडलेली पद्धत यावर तोडगा आहे: एक पाऊल टाकायचं, नजर वर ठेवायची, बोट बुटाच्या टोकाशी खाली न्यायचं आणि ज्या दगडाला पहिल्यांदा लागेल तोच घ्यायचा. मोठा असो, चपटा असो, नको असलेला असो. असे शंभर. प्रत्येकाची तीन मापं घेण्याच्या भानगडीत पडू नका, मधला अक्ष पुरे: सगळ्यात लांब नाही, सगळ्यात आखूड नाही, मधला. दोन मिलिमीटरच्या आत वाळू, ६४ पर्यंत गोटे, २५६ पर्यंत मोठे गोटे, त्यापुढे धोंडे. व्हर्नियर नसेल तर पुठ्ठ्याला त्या मापाची चौकोनी भोकं पाडा आणि दगड ज्या भोकातून जातो ते लिहा. उलट हेच बरं, वेगाने होतं.

पुस्तकातली आकृती सांगते की खाली जावं तसे गोटे लहान आणि गोल होतात. तुमच्या आकड्यांत ते येईलच असं नाही. वर धरण असलं की तिकडचे गोटे धरणातच थांबतात, आणि जे ओढे खाली येऊन मिळतात ते आपले ताजे कोनदार दगड टाकत जातात. मुलं मग आकडे 'दुरुस्त' करतात. तसं करू देऊ नका. आकृती चुकली नाही, ती या नदीची नाही, एवढंच.

गोटे मोजताना आणखी एक खण ठेवा: माणसाचे दगड. विटांचे तुकडे, कौलं, फरशी, खडी. सगळा परिसर काळ्या बेसॉल्टचा, मधूनमधून पांढरे झिओलाइट या खनिजाचे ठिपके आणि गारगोट्या, त्यामुळे तांबडी वीट लगेच उठून दिसते. एकदा एका मुलाने विटेचा तुकडा आणून दिला, गोटीसारखा गोल. बेसॉल्टला तेवढं गोल व्हायला किती काळ लागेल आणि विटेला किती लागला असेल, या एका प्रश्नावर परतीच्या बसमध्ये सातारा रस्ता कधी संपला कळलं नाही.

दुपारचा भाग सैल ठेवा. मेणवलीच्या नाना फडणवीसांच्या घाटावरून सुरुवात करा आणि तीनेक किलोमीटर वाईकडे चाला. वाटेत दर गटाने एका वळणाचं रेखाचित्र काढायचं, फोटो नव्हे. फोटो काढला की मुलं बघायचं थांबतात. बाहेरच्या काठाला दरड, आतल्या काठाला वाळूचा किंवा गाळाचा दांडा, मळईत कुठलं पीक, मोटारींचे पाइप किती आणि कुठे, सांडपाण्याचा नाला कुठे मिळतो, जलपर्णी कुठून सुरू होते. तापमान आणि पीएचची पट्टी घ्यायची तर नाल्याच्या वर आणि खाली, दोन्हीकडे घ्या. एकाच ठिकाणचा पीएच कुणाच्याही उपयोगाचा नाही.

वाईला पोहोचलात की ढोल्या गणपतीच्या देवळामागे न्या. दर्शन नंतर, आधी मागची भिंत. ती सपाट नाही, पुराचं पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी जावं म्हणून होडीच्या नाळेसारखी निमुळती बांधली आहे. अठराव्या शतकातल्या माणसांनी प्रवाह बघून घेतलेला निर्णय दगडात उभा आहे. मुलांना विचारा, नाळ कुठल्या दिशेला आहे आणि का. मग घाटाच्या पायऱ्या. एका पायरीची उंची मोजा, पाण्यापासून पायऱ्या मोजा, झाली तुमची पातळीपट्टी. जवळच्या दुकानदारांना, गुरुजींना, म्हाताऱ्या माणसांना विचारा की मोठ्या पुरात पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं. किमान पाच जणांना वेगवेगळं विचारा. उत्तरं जुळणार नाहीत, तेही लिहा. सकाळच्या संत्र्यांसारखंच आहे ते.

ही काही गावंढळ पद्धत नाही. नाशिककर अजूनही गोदावरीचा पूर दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं यावर सांगतात. याच कृष्णेवर खाली सांगलीत आयर्विन पुलाखालची पातळी ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, आणि पंचगंगेवर कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ आणि ४३. पावसाळ्यात तिथली घरंच्या घरं या आकड्यांकडे डोळे लावून बसतात. तुमच्या मुलांपैकी कुणी सांगली-कोल्हापूरकडचं असेल तर २०१९ च्या महापुराबद्दल त्यालाच बोलू द्या.

बत्तीस जणांची वाटणी: आठ-आठचे चार गट, प्रत्येक गटाने स्वतःचा छेद घ्यायचा, एकमेकांपासून पाचेक मीटरवर. त्यांच्या मध्ये पाणी येत-जात नसेल तर चौघांचा विसर्ग, म्हणजे सेकंदाला वाहणारं पाणी, सारखाच यायला हवा. येणार नाही. पण तो का आला नाही हा प्रत्येक गटाचा अहवाल वेगळा असेल, आणि तो नेटवर मिळत नाही. विषय मोठा देऊ नका. 'कृष्णा नदीचा भौगोलिक अभ्यास' हे शीर्षक दिसलं की मी अहवाल परत करतो. 'चार छेदांत विसर्ग वेगळा का आला' एवढं पुरे.

सामानाची गोष्ट राहिली. तुमच्याकडे दोन टेप आहेत, आणखी दोन घ्या; चार गटांना दोन टेप म्हणजे निम्मी मुलं सेल्फी काढत बसणार. बांबूच्या चार काठ्या, दर दहा सेंटिमीटरला लाल-पांढरा रंग. सुतळी, खडू, पेन्सिली, पाण्याची नळी, पुठ्ठा. संत्री वीस घ्या. मोजायला आठ लागतात.

ओढा निवडायला जाल तेव्हा सकाळीच जा आणि एक संत्रं बरोबर न्या. सोडून बघा. दहा मीटर जायला त्याला मिनिटापेक्षा जास्त लागलं तर दुसरा ओढा शोधा.